रेघ

एल्वेरूमच्या तळघरात हाल्दिस
काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या दिव्याखाली फिरवते.
बुडापासून नखभर वर
एक चकाकती रेघ.
कुणी म्हणेल, काय सुरेख.

वाकवलेली तार ती आत सोडते,
भिंतीला टेकवून हळूच वर ओढते.
अडकलं.
पितळ इथं झिरझिरीत झालंय,
सात वेळा भरून, सात वेळा ताणून.

शेल्फावर आइविन्दची वही:
तारखा, दारूचं वजन,
आणि एका पानाच्या समासात
‘रेघ दिसते. चालेल.’
त्याच्या उजव्या गालात अजून
मोहरी सांडावी तसे काळे ठिपके.

पक्कड. कडक्.
चपटी पुंगळी डब्यात पडते.

वरून तो विचारतो, किती उरल्या?
एल्कला एक पुरते,
म्हणत ती पुढची उचलते.