शेपू

निफाडला पारा चारवर आला.
पेपरात द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचा फोटो.
मी हसलो.
कुमुद म्हणाली, हसू नका, माझी बोटं वळत नाहीयेत.
मग मी उठलो, स्वेटरवरूनच तिचा एप्रन बांधला,
म्हणालो, आज बोर्श.

इर्कुत्स्क. उणे एकतीस.
ओझरच्या कारखान्यातले आम्ही अकरा फिटर,
आठ महिने, इंजिनाच्या पोटात हात घालायला शिकायला.
त्या गावाचं नाव कुमुदच्या जिभेवर अजून बसलेलं नाही.
'हे इरकूसला होते तेव्हा' असं सांगते,
जशी काही माझी इगतपुरीला बदली झाली होती.

होस्टेलच्या तळमजल्यावर स्वयंपाकघर,
तिथे तमारा इल्यिनिच्ना:
एक दात सोन्याचा, मनगटावर पुरुषी घड्याळ.
पहिल्या दिवशी तिनं सूपवर जे हिरवं भुरभुरलं
त्याचा वास नाकात गेला आणि मी मराठीतच ओरडलो,
अरे देवा, शेपू!

पळशाला आई शेपू करायची त्या दिवशी
मी शाळेतून मुद्दाम लांबच्या वाटेनं यायचो.
आणि इथे, एवढे देश ओलांडून, गुडघाभर बर्फात,
हा माझ्याआधी येऊन बसलेला.
बटाट्यावर तो, काकडीवर तो, माशाच्या डोळ्यापाशी तो.
महिन्याभरानं मी मागून घ्यायला लागलो.
आईला पत्रात कळवलं नाही.

एकदा तमारानं विचारलं, तुझ्या घरी काय करतात?
पिठलं, म्हणालो.
बेसनाला शब्द सापडेना, हवेतच पळी फिरवून दाखवली.
कळलं, म्हणाली, पण आधी काय टाकतात?

मला माहीत नव्हतं.
एक्केचाळीस वर्षं नुसता जेवत आलो होतो.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
पान्याचा नंबर न सांगता येणाऱ्या
नव्या पोराकडे मी पाहतो तसं.
मग सुरी हातात दिली. बीट सोल.

तर जन्मात मी शिकलो तो पहिला पदार्थ हा.
बीट, कोबी देवळालीगावच्या सोमवारच्या बाजारातले.
आंबट सायीच्या जागी चक्का, थोडं दूध घालून फेटलेला.
तिच्या पातेल्यात जे हाड असायचं
त्याबद्दल मी घरी कधी बोललो नाही,
कुमुदनंही विचारलं नाही.
त्याच्या जागी राजमा.

शेपूची जुडी दहा रुपये.
विकणारी बाई म्हणाली, काका, मुगाची डाळ घाला, छान होते.
हो म्हणालो. कुठून सांगत बसू.

ओटा लाल, फरशी लाल, एप्रनवर डाग,
कुमुद दारातूनच: ऑपरेशन झालं का?
पळीनं चव घेते. डोळे मिटून घेते.
आंबट आहे. गुळाचा खडा टाकू?
मी म्हणतो, नाही. रशियात गूळ नसतो.
बरं, म्हणते.
मी ताटल्या काढायला वळतो
आणि मागे डब्याचं झाकण वाजतं, अगदी हळू.
मी वळून बघत नाही.

पहिल्याच घोटाला आठवलं:
तमारा साखर टाकायची. शेवटी, मूठ झाकून,
कुणी बघत नाहीसं पाहून.
सव्वीस वर्षं माझ्या बोर्शमध्ये काय कमी होतं ते.

कुमुद वाटी दोन्ही तळव्यांत धरून बसली आहे.
बोटं आता जरा वळताहेत.
मी विचारतो, पिठल्यात आधी काय टाकतात?
आज? ती चकित. कशाला हो?
कुणीतरी विचारलंय, म्हणतो.

ती वाटी खाली ठेवत नाही.
तेल, म्हणते. मग मोहरी.
आणि ती तडतडेपर्यंत थांबायचं.
तुम्हाला ते जमणार नाही.