अर्धा गुण

उद्या चाचणी, वीस गुणांची.
श्रवंती म्हणाली, नायना, तुम्ही फक्त पुस्तक धरा,
मी म्हणून दाखवते, तुम्ही चुका काढा.

मी सातवी नापास. पुस्तक धरलं,
नवी पोरं धोटा धरतात तसं, जरा लांबून.
विडी घरकुलात साडेनऊला आवाज कमी होतात,
म्हणजे शेजारचा टीव्ही आणि पलीकडचा माग, एवढेच उरतात.
तिची आई सुपात पानं कापत बसलेली,
उद्या द्यायच्या हजारातल्या चारशे अजून बाकी.

"इतिहासाची साधने तीन." श्रवंतीने डोळे मिटले.
"भौतिक, लिखित, मौखिक.
भौतिक म्हणजे किल्ले, लेणी, नाणी..."
पुढे अडकली. मी ओळीवर बोट ठेवलं,
बोटाखाली नेमका तोच शब्द झाकला गेला,
मलाही दिसेना.
"भांडी," म्हणालो अंदाजाने.
"खापरं," म्हणाली ती, आणि मला अर्धं बरोबर दिलं.

तीनदा म्हणून झालं. चौथ्यांदा ती चिडली.
कोणी खोदलं, कोणी लिहिलं, मला काय त्याचं?
मला उत्तर सुचेना.
साच्यावर धागा तुटला तर मला न बघता कळतं,
पोरीचं काय तुटलं ते बघूनही कळत नाही.

उठलो. ट्रंकेतून चहाचा जुना डबा काढला.
त्यात माझ्या बापाचा गिरणीतला बिल्ला, पितळी,
इंग्रजी आकडा घासून गेलेला,
एकतीस की एक्क्याऐंशी, मी कधी बघितलंच नव्हतं.
"हे घे भौतिक."
ती हसली नाही. बिल्ला दिव्याखाली धरला, तिरका केला.
"एक्क्याऐंशी. आठाची डावी बाजू आहे, बोट फिरवा."
मग वही ओढली आणि उलट मलाच विचारायला लागली.

गिरणी कधी बंद पडली?
गड्डा उठत होता, पाळणे उतरवत होते.
साल?
तुझ्या आत्याचं ठरलेलं मोडलं, त्या साली.
"साल, नायना."
सूप थांबलं.
पाळणे कुठले, उन्हाळा होता, आई म्हणाली.
मी नव्हते, पण अत्तम्मा सांगायच्या,
मामंजी भोंग्याची वाट बघत दारात उभे,
चप्पल नाही, पाय भाजतायत, तरी हलेनात.
मी म्हणालो जत्रा. ती म्हणाली उन्हाळा.
श्रवंतीने दोन्ही लिहून घेतलं,
मध्ये एक प्रश्नचिन्ह.
इतकं सुवाच्य लिहिताना
मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

रात्रपाळीला सायकल काढली तेव्हा आतून ऐकू आलं,
मग आजोबा भोंगा नसताना उठायचे कसे?
आई काहीतरी सांगत होती, ते मला माहीत नव्हतं.
मागावर रात्रभर तेच.
मोराची चादर होती, पिवळ्यावर हिरवी,
दोनदा नक्षी चुकली. मालकाने बघितलं नाही.

गुरुवारी पेपर मिळाला. वीसपैकी साडेअकरा.
मौखिक साधनांत तिने ओव्या लिहिल्या, लोकगीतं लिहिली,
आणि त्यांच्याच रांगेत,
'माझे वडील रामुलू यमूल, माझी आई.
दोघांचे जुळत नाही.'
बाईंनी लाल पेनाने खाली रेघ ओढलेली,
समासात लिहिलेलं, पुस्तकातले उदाहरण द्यावे.
आणि अर्धा गुण.

अर्धा दिला की अर्धा कापला,
हे आमच्यात अजून ठरलेलं नाही.

मी पेपरची घडी करून डब्यात ठेवली, बिल्ल्याच्या खाली.
"लिखित," श्रवंती म्हणाली,
आणि भूगोलाचं पुस्तक माझ्या हातात दिलं.