मधला भाव

चाळीस वर्षं गुरांच्या बाजारात दलाली केली मी,
रॉसकॉमनपासून थेट स्लायगोपर्यंत.
विकणारा नऊशेवर, घेणारा सातशेवर अडलेला;
दोघं एकमेकांच्या आया उद्धरेपर्यंत थांबायचं,
मग दोघांची मनगटं धरून
हातावर हात आपटायचा: आठशे.
वर वीस युरो परत, गाय लाभावी म्हणून.
न जमलेला सौदा मला आठवत नाही.

मग त्या मे महिन्यात
गावातल्या खांबाखांबावर फलक चढले,
एकावर 'हो', त्याच्याच डोक्यावर 'नाही',
आणि दोन्ही लावणाऱ्या माझ्याच घरात.

शिडी एकच होती.
अट्रॅक्टा चढायची तेव्हा डिंफ्ना खालून धरायची,
"डावीकडे कललाय गं तुझा."
मग अट्रॅक्टा उतरून हिच्यासाठी धरायची.
घरी आल्यावर मात्र
मिठाची बरणीसुद्धा माझ्या हातून फिरायची.

अट्रॅक्टा वेदीवरची फुलं बदलते.
ज्योत केवढी आहे ते विचारू नये, म्हणते,
फुंकर कुणी घातली ते विचारावं.

डिंफ्ना एकतीस वर्षं लिव्हरपूलला नर्स होती.
बोटीवरून उतरलेल्या मुली तिच्याकडे यायच्या,
प्रत्येक वाक्याआधी 'सॉरी',
आमच्याच गावाकडच्या हेलात.
एकीच्या पिशवीत आईनं बांधून दिलेला पाव,
अजून कोमट.
आईला वाटत होतं, पोरगी मुलाखतीला चाललीय.

डिंफ्नाही दर रविवारी मिस्साला जाते,
त्याच बाकावर, बहिणीला खेटून.
देवाला दोघींचं ऐकू येत असणार.
त्यानं अजून कुणाचं मनगट धरलेलं नाही.

मी धरून पाहिलं. सवय.
"बारा आठवडे?" म्हटलं. "बरं, आठ? सहा?"
अट्रॅक्टा माझ्याकडे बघतच राहिली,
जणू गाभण्या गाईच्या पोटात हात घालून
मी वासराचं वजन सांगत होतो.
डिंफ्ना म्हणाली,
"आणि मोजणार कोण, कोलमन? तू?"

शेताच्या वरच्या कोपऱ्यात, हॉथॉर्नच्या काट्यांखाली
एक पांढरा दगड आहे. नाव नाही.
आईचं चौथं.
श्वास घेतला नाही म्हणून बाप्तिस्मा नाही,
बाप्तिस्मा नाही म्हणून दफनभूमीत जागा नाही.
वडिलांनी रात्री नेलं, कंदील न घेता,
बुटांच्या खोक्यात.
आईनं तो कोपरा पुन्हा कधी नांगरू दिला नाही.

अट्रॅक्टा म्हणते, "त्या दगडापाशी उभा राहा
आणि सांग, तिथं कुणीच नव्हतं."
डिंफ्ना म्हणते, "त्या दगडापाशी उभा राहा
आणि सांग, आईला कुणी काही विचारलं होतं?"
भोवतीचं गवत दोघी मिळून उपटतात.

बाजारात दोघंही थोडं खोटं बोलतात,
म्हणून मध्ये जागा सापडते.
इथं खोटं कुणीच बोलत नव्हतं.

मतदानाच्या आदल्या रात्री शेवटचा डाव टाकला:
"तुमची मतं एकमेकींना खाणारच.
दोघीही घरी बसा. निकाल तोच,
पेट्रोल वाचेल."
चहा निवत गेला.
मग अट्रॅक्टानं हात पुढे केला,
डिंफ्नानं धरला,
वरून मी माझा पंजा आपटला.
त्या रात्री लाकडासारखा झोपलो.

दुसऱ्या दिवशी चारला अट्रॅक्टाला आठवलं,
चर्चमधल्या मेणबत्त्या संपल्यात.
सव्वाचारला डिंफ्नाची दाढ दुखायला लागली.
शाळेच्या दारात, पोरांनी रंगवलेल्या बदकांखाली
दोघी समोरासमोर आल्या,
दोघींच्या हातात ओळखपत्र.

मला कसं कळलं?
त्यांच्यामागे रांगेत मीच होतो.

कागदावर चौकोन दोनच.
पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली.
मधल्या कोऱ्या जागेवर मी तिचं टोक
बराच वेळ टेकवून ठेवलं;
मागच्या माणसानं खाकरून दाखवेपर्यंत.

परत येताना तिघंही एकाच गाडीत.
वळणावर कुणीतरी म्हणालं,
शिडी बाहेरच राहिली,
पावसात.