सूत

वैशाखी पुनव सरली.
समन देवाची पेटी वाजतगाजत खाली गेली,
दुकानदारांनी पत्रे उतरवले,
पायऱ्यांवरचे दिवे विझले.
आता श्रीपादावर वारा आहे, जळवा आहेत
आणि पेच्चियम्मा,
पाठीवर चहा खुडण्याची जुनी टोपली,
कमरेला कात्री.

इंदिकटुपानापाशी लोक सुई ठेवतात,
झुडपाला दोऱ्याचं टोक बांधतात
आणि रीळ उलगडत वर जातात.
तिच्या सासूच्या वेळी दोरा कापसाचा होता.
एका पावसाळ्यात कुजायचा, मातीचा व्हायचा.
आता नायलॉन.
सुतावरून स्वर्ग गाठून माणसं
सकाळच्या बसने कोलंबोला परततात.
सूत राहतं.

महारतमलच्या लाल फुलांना फास बसलेला.
एकदा आत बुलबुल सापडला,
वाळलेल्या पानाइतका हलका.
तो तिने टोपलीत टाकला नाही.

खाली ठेकेदार प्रेमसिरी काटा लावून बसतो.
बाटल्या, वेफर्सची पाकिटं, प्लास्टिकचे रेनकोट, सूत.
माल ओला असेल तर
पाण्याचे दोन किलो वजा.
मळ्यातही हेच होतं,
चाळीस वर्षं
तिच्या पानांतलं धुकं कापून घेतलं त्यांनी.

शिखरावर घंटा आहे.
जितक्यांदा चढलात, तितके टोल.
मार्चमध्ये एका पाहुण्याने एकच टोल दिला,
मग व्हिडिओ नीट आला नाही म्हणून
आणखी चार.

नातीने विचारलं होतं, अम्माच्ची, तुझे किती?
ती अडली.
मजुरीचं चढणं धरतात का, हे
तिने वरच्या चौकीतल्या हवालदाराला विचारलं.
तो म्हणाला, विचारून सांगतो.
त्याला दोन हंगाम झाले.
त्याची बदलीही झाली.

आज वर कुणी नाही.
घंटेच्या लोलकाला कुणीतरी
अख्खं रीळ गुंडाळून गेलंय,
नवस असेल, किंवा गंमत.
पेच्चियम्मा डाव्या मुठीत लोलक गच्च धरते,
उजव्या हाताने कापते,
एकेक वेढा,
बाळाच्या गळ्यातला ताईत सोडवावा तसा.
घंटा वाजत नाही.

मूठ सोडण्याआधी
ती जरा वेळ तशीच उभी राहते.
हात गार पडतो.

मग सूत पिळते,
कठड्यावर पसरते,
आभाळाकडे बघते.
धुकं.
वाळायचं नाही आज.

दोन किलो वजा.