उतारा

सुमेध खोब्रागडेला पोट कमी करायचं नव्हतं,
निदान पहिल्यांदा तरी नाही.
त्याला आकडा पाहिजे होता.
अंगात चरबी किती टक्के, आणि तो खरा पाहिजे.

पहिले पार्सलनं काचेचा काटा आला.
अनवाणी उभा राहिला: चोवीस.
गडवाभर पाणी पिऊन पुन्हा: बावीस.
पाय धुऊन, न पुसता: वीस पॉइंट काही.
"काका, पाणी पेलं का चरबी कमी होते काय जी?"
म्हटलं, तुझ्या काट्याच्या हिशेबानं होते.

मग टेप. आईचा, ब्लाउज शिवायचा,
पहिला इंच झिजून पांढरा पडलेला.
मान, बेंबी, उंची, फोनमधलं सूत्र.
पोट आत ओढून एकोणीस, सोडून सव्वीस.
आई म्हणाली, "मंग मधातलं लिह्य ना."

मग चिमटा. आर्वीच्या जिममधल्या पोरानं
छाती, पोट, मांडीची कातडी उचलली,
बाजारात गोऱ्ह्याची उचलून पाहतात तशी.
अठरा.
दवाखान्यातल्या सिस्टरनं तोच चिमटा लावला,
तिची बोटं थंड, तिनं जरा जास्त उचललं. एकवीस.

नागपूरला म्हणे एक मशीन आहे,
माणसाला निजवून हाड, मांस, चरबी
वेगवेगळी दाखवते.
सुमेधनं फोन लावून भाव विचारला
आणि "बरं" म्हणून ठेवला.

मी तीस वर्षं जिनिंगवर मापारी होतो.
टक्का मला नवा नाही.
क्विंटलभर कापसात रुई चौतीस किलो निघाली
तर चौतीसचा उतारा.
पण तो कळतो रेच्यातून काढल्यावर.
त्याआधी गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठ दाबायची,
आणि बोटं काय म्हणतात ते गुमान ऐकायचं.
माणूस काही रेच्यात घालता येत नाही.

म्हणून म्हटलं, पाण्यात मोजू.
चरबी तरंगते, हाड बुडतं,
एवढं तर डबक्यातल्या म्हशीलेही समजते.

पौषातली दुपार. विहिरीवरची गराडी,
गराडीला माझा जुना टांगता काटा,
काट्याला प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत सुमेध.
बाहेर एक्क्याऐंशी किलोचा गडी.
दोराला चार पोरं. हळूहळू सोडला.
"सगळी हवा सोड," मी वरून ओरडलो, "सगळी!"
बुडबुडे आले, मग कमी आले, मग एक.
खुर्चीचं वजा करून पावणेतीन.
दुसऱ्यांदा सव्वातीन. तिसऱ्यांदा तो आतच हसला,
काटा मिरगी आल्यासारखा थरथरला.

ओला, कुडकुडत, पायरीवर बसून विचारतो,
"श्वास सोडला तरी फुफ्फुसात थोडी हवा राह्यतेच.
तिचं काय?"
तिचं काय. मला माहीत नव्हतं.

मी एवढंच सांगितलं:
पहाटेच्या दवात भरलेला कापूस
दुपारी त्याच काट्यावर दोन किलो कमी भरतो,
आणि कापूस तर कुठे गेला नाही.
म्हणून एक काटा धर, एक वेळ, एक हात.
खोटं बोलणारा काटा चालतो लेका,
रोज तेवढंच खोटं बोलला पाहिजे.
मग या महिन्यातून मागचा महिना वजा कर.
जे उरेल ते खरं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आकडा न मिळालेल्या माणसासारखं.
मग म्हणाला, "आता तुम्ही बसा, काका."

बसलो. एकसष्टाव्या वर्षी, चड्डीवर.
पाणी गळ्याशी आलं, कानाशी आलं.
आत हिरवं, आणि फार शांत.
वरून सुमेधचा आवाज, लांबून, पुसट:
सगळी हवा सोडा, सगळी.

ओला कापूस आणणाऱ्या किती जणांचं मी वजन कापलं
आणि वर दोन शब्दही सुनावले.
ओलीनं कापूस जड भरतो, हवेनं माणूस हलका.
मी सोडली. बरीचशी सोडली.
थोडी ठेवली.

वर आल्यावर पोरानं माझा आकडा लिहून घेतला.
मी काही बोललो नाही.