डोळे आले

माझं काम पुसायचं.
नगरपालिकेचा ठेका, वर्गीस मुकादम,
बादलीत थिनर, काथ्याचा ब्रश,
आणि आजच्या भिंतींचा कागद:
मत्रहचा मासळीबाजार, मागची बाजू.
पंपघर. भुयारी रस्ता, दोन्हीकडून.
कोण लिहितं ते मी विचारत नाही.
ऊन कपाळावर बसायच्या आत
निम्म्या गावाचं म्हणणं मी धुऊन टाकलेलं असतं.

फक्त बंदरावरच्या कड्याला हात लावायचा नाही.
तिथं जुन्या आगबोटींची नावं,
चुन्यानं, डांबरानं, पुरुषभर अक्षरात,
खलाशांनी दोराला लोंबकळून लिहिलेली.
तेव्हा त्यांच्या नावानं कुणी बोंब मारली नसेल?
आता लोक त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढतात.

डिसेंबरात वर्गीस म्हणाला, शिगवण,
तुला ही अक्षरं येतात ना, चल.
कड्याच्या आडोशाला, पाण्याच्या बुजलेल्या टाकीपाशी
रय्या नावाची बाई गुडघ्यांवर बसलेली,
गळ्यात खात्याची ओळखपट्टी,
हातात ब्रश, इतका मऊ
की बाळाच्या टाळूवरून फिरवावा.
मी माझा पाठीमागे धरला.

चार ओळी, टोच्यानं कोरलेल्या.
शिरोरेघा नाहीत, खडकानं ओढू दिल्या नसतील.
त्यात एक ळ होता.
एवढ्या लांब, ळ.
मी खालीच बसलो.

    लखमा चोगले हरणई
    डोळे आले
    गलबत गेला
    मी हितच

मोठ्यानं वाचलं. परत वाच म्हणाली, परत वाचलं.
मोडक्या अरबीत सांगितलं: डोळे. आले.
कुठून? तिनं विचारलं.

मग मी पापणी खाली ओढून लाल दाखवलं,
सकाळी चिकटलेले डोळे बोटांनी उघडून दाखवले,
एकाचे आले की अख्ख्या गलबताचे येतात,
म्हणून उतरवला असेल तांडेलानं, म्हटलं.
तिचं पेन भराभर चाललं होतं. थांबलं.
परत गेला का हा?

मला काय ठाऊक.
मी गुहागरचा, मध्ये दाभोळची फेरी,
आणि हर्णैला चोगले पायलीचे पन्नास.
एवढं मात्र दिसलं
की तिसरी ओळ दुसरीवर चढलीय,
चाचपत कोरलेली,
आणि ‘हितच’च्या च नंतर
टोचा बराच वेळ एकाच जागी पडत राहिलाय.
तिथं खळगा आहे. करंगळी मावते.

निघताना विचारलं, किती वर्षं झाली
की पुसायचं नसतं?
हसली. ते माझ्या हातात नाही, म्हणाली,
त्याला समिती आहे.
दुपारी काच आली. पाटी मागून येणार.

गुरुवारच्या कागदावर पंपघर. पुन्हा.
काळ्या मार्करनं तीन ओळी, बंगालीत.
त्यांना शिरोरेघ होती,
सरळ, सावकाश, घाई नसल्यासारखी ओढलेली.
खाली आकडे. फोन असेल, उधारी असेल.
मासे कापणाऱ्या मोनिरुलला हाक मारली,
बाबा रे, काय लिहिलंय?
त्यानं हात लुंगीला पुसले,
मनात वाचलं, ओठ हलले,
पुन्हा वरपासून वाचलं.
कुछ नहीं चाचा, म्हणाला, साफ करो.
आणि सुरी घेऊन सुरमईकडे वळला.

मी आधी रेघ पुसली,
मग अक्षरं, आकडे शेवटी.
भिंत ओली आहे तोवर काही दिसत नाही,
वाळली की सगळं फिकट वर येतं,
मग दुसरा हात.
वर्गीसचा फोन. झालं?
वाळू दे, म्हटलं.