वळं

मे महिना, सकाळचे साडेसहा.
नागपुरात दुसऱ्याचं रक्त मागायला हीच काय ती वेळ.
उईकेनं मास्तरच्या जबड्याला दोरी गुंडाळली,
डोळ्यांवर ओलं पोतं टाकलं :
"घ्या मॅडम. झोपेचं सोंग करून राहिला तो."

मानेमागे, दोन खवल्यांच्या फटीत
सुई सरळ खाली.
चार मिलिलिटर.
थंड नाही, गरमही नाही,
त्या सकाळच्या हवेएवढंच.

मास्तरला पुढचा डावा पंजा नाही.
दुसऱ्या मगरीनं नेला, याच टाक्यात,
जिथं कोंबडीची पिसं तरंगतात
आणि पाणी नासलेल्या चहाच्या रंगाचं.
"आमाले वाटलं, गेला आता.
तीन दिवसांनी डॉक्टर आले, तं जखम कोरडी.
पू नाई, माशी नाई."
या एवढ्या बोलण्यावर माझा प्रबंध उभा आहे.
संदर्भसूचीत उईके नाही.

प्रयोगशाळेत वाळ्याचा वास,
कूलरची घरघर.
रक्त गोठू दिलं, फिरवलं.
वर राहिला तो सीरम, तिळाच्या तेलासारखा.
ताटल्यांत जंतू पसरले,
मेडिकलच्या अकरा नंबर वॉर्डातले,
कुणाच्या तरी पायातले,
पाच औषधं पचवून बसलेले.
कुपीवर नाव नसतं, आकडा असतो.
तरी मला पाय दिसतो,
पलंगाबाहेर आलेला, टाचेला भेगा.

तुलनेसाठी माणसाचं रक्त हवं होतं.
बाही मीच वर केली.

रात्री दोनला लाइट गेली.
मी गच्चीवरून चौकीदाराला फोन लावत बसले :
जनरेटर, दादा, जनरेटर,
आत सदतीस अंश लागतात.
तो म्हणाला, बाहेरच अडतीस आहे,
खिडकी उघडून देऊ का?

सकाळी झाकण उचललं.
मास्तरच्या थेंबाभोवती
वळं पडलं होतं, स्वच्छ,
शेणानं सारवलेल्या अंगणात
कुणी रांगोळीपुरती जागा सोडावी तसं.
पट्टी लावली. अठरा मिलिमीटर.
पुन्हा लावली. अठरा.

छप्पन अंशांवर अर्धा तास ठेवलेला थेंब मात्र
सगळं विसरला होता.
त्याच्याभोवती जंतू आरामात बसले होते.
एवढी ताकद, आणि
ऊन लागलं की जाते.

आणि माझी ताटली.
तिथं काठापासून काठापर्यंत नुसती साय.
माझ्या रक्तानं कुणालाच नाही म्हटलं नव्हतं.
वहीत लिहिलं, शून्य,
मग त्या शून्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.
तेही वळंच की.

दुपारी टाक्यावर गेले. पारा सेहेचाळीस.
मास्तर नाकपुड्यांपुरता वर.
उईके पाइपनं पाणी सोडत होता.
म्हणाला, "काय मंग, पास झाला का हा?"
मी म्हटलं, झाला.
"अन् तुमी?"

मी पाइप धरला.
त्याला जेवायला जायचं होतं.